ड्रॉइंग सॉफ्टवेअरमधलं बॅकग्राउंड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारायण पेठेत माझं डीटीपीचं काम चालतं आणि शनिवार-रविवारी मी व्हेक्टर ड्रॉइंग, म्हणजे रेषा आणि आकारांनी बनणारी चित्रं, शिकवते. विद्यार्थी, प्रेसवाले, गणेश मंडळांचे कार्यकर्ते आणि मुलीच्या लग्नाची पत्रिका स्वतःच करायला बसलेले हौशी बाबा, सगळ्यांचे फोन येतात. त्यातले निम्मे फिरून फिरून बॅकग्राउंडवरच येतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः इंकस्केपची आहेत, कारण ते फुकट आहे आणि वर्गात तेच वापरतो. इलस्ट्रेटर आणि कोरलचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

१. ताई, पान, कॅनव्हास आणि आर्टबोर्ड हे सगळं एकच का?

नाही. टेबलावर कागद ठेवला आहे असं समजा. कागद म्हणजे पान. इलस्ट्रेटरवाले त्याला आर्टबोर्ड म्हणतात. टेबल म्हणजे पानाभोवतीची करडी मोकळी जागा. इंकस्केपमध्ये तिला डेस्क म्हणतात, इलस्ट्रेटरमध्ये कॅनव्हास. टेबलावरही चित्र काढता येतं, पण छपाईत साधारणपणे कागदावरचं तेवढंच जातं.

इथेच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. कागदाचा पडद्यावर दिसणारा रंग हा बहुतेक वेळा फक्त तुमच्या डोळ्यांसाठी असतो. तो चित्राचा भाग नसतो. चित्राचा भाग व्हायला तिथे एखादा आकार काढावा लागतो (प्रश्न ७).

२. इंकस्केपमध्ये पानाचा रंग कुठून बदलायचा?

फाइल मेन्यूत डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकत्र दाबा. त्यातल्या डिस्प्ले या टॅबमध्ये पान, कड आणि डेस्क अशा तिघांचे वेगवेगळे रंग मिळतात. रंगाच्या पट्टीवर क्लिक करून हवा तो घ्या. ओके वगैरे दाबायचं नसतं, बदल तिथल्या तिथे दिसतो.

पान आणि डेस्क असे वेगळे रंग १.२ आवृत्तीपासून आले. त्याआधीच्या आवृत्तीत बॅकग्राउंडचा एकच रंग असतो आणि तो पानाच्या आतबाहेर सगळीकडे पसरतो. "डेस्क सापडत नाही" असं कोणी म्हणालं की मी आधी आवृत्ती विचारते.

३. इलस्ट्रेटरमध्ये तीच की दाबली तर भलतंच काही झालं. का?

कारण तिथे त्याच तीन बटणांवर दुसरं काम ठेवलं आहे. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-डी म्हणजे ट्रान्सपरन्सी ग्रिड चालू किंवा बंद. पानाच्या जागी चौकटी आल्या असतील, तर पुन्हा तेच दाबा, जातील.

पानाला रंग द्यायचा तर फाइल मेन्यूतून डॉक्युमेंट सेटअप उघडा. त्यात ट्रान्सपरन्सीच्या भागात ग्रिडचे दोन रंग असतात आणि शेजारी 'सिम्युलेट कलर्ड पेपर' नावाचा पर्याय असतो. वरच्या खान्यात कागदाचा रंग निवडा आणि त्या पर्यायावर टिक करा. ट्रान्सपरन्सी ग्रिड चालू असेल तर हा रंगीत कागद दिसत नाही, त्यामुळे ग्रिड बंद ठेवा. उलट युक्ती अशी : ग्रिडच्या दोन्ही खान्यांत एकच रंग भरा आणि ग्रिड चालू करा. चौकटी असूनही दिसणार नाहीत, पान सरळ एकरंगी होईल.

भोवतालच्या कॅनव्हासचा रंग मात्र प्रेफरन्सेसमध्ये, यूजर इंटरफेस या भागात आहे. तिथे दोनच पर्याय : सॉफ्टवेअरच्या उजेड-अंधाराशी जुळणारा किंवा पांढरा.

४. आमच्याकडे सगळं कोरलमध्ये चालतं. तिथे?

लेआउट मेन्यूत पेज बॅकग्राउंड. सॉलिड निवडून रंग घ्या. हवं तर तिथे फोटोही ठेवता येतो.

कोरल इथे जरा वेगळं वागतं. त्याच खिडकीत 'प्रिंट अँड एक्स्पोर्ट बॅकग्राउंड' असा एक चौकोन आहे. त्यात टिक असेल तर पानाचा रंग खरोखर छापला जातो. म्हणजे प्रश्न १ मधला नियम इथे मोडतो. नुसतं नजरेसाठी पान काळं केलं आणि टिक काढायला विसरलात, तर प्रिंटर इमानेइतबारे पूर्ण पान काळं करून देईल. शाईचे पैसे तुमचे.

५. पानावर राखाडी-पांढऱ्या चौकटी दिसतात. त्या काढायच्या कशा?

आधी कोणत्या चौकटी ते बघा, कारण दोन प्रकार आहेत. बुद्धिबळाच्या पटासारखी भरलेली घरं असतील तर ती पारदर्शकतेची खूण आहे : इथे काहीच रंग नाही, एवढंच ती सांगते. इंकस्केपमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीजच्या डिस्प्ले टॅबमध्ये चेकरबोर्डची टिक काढली की जाते. गणिताच्या वहीसारख्या नुसत्या रेघा असतील तर तो ग्रिड. आकार सरळ रेषेत बसवण्यासाठी असतो. इंकस्केपमध्ये हॅशचं चिन्ह टाइप केलं की तो येतो-जातो. बोट चुकून त्या बटणावर पडतं आणि लोक घाबरतात.

दोन्ही प्रकार छपाईत येत नाहीत. छापून आलेच असतील तर तो तिसराच प्रकार, प्रश्न १२ वाचा.

६. पान पांढरं आहे तरी पीएनजी पारदर्शक येतं. आणि पिवळं केलं तर ब्राउझरमध्ये पिवळं दिसत नाही. हा काय प्रकार?

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच, म्हणून उत्तरही एकत्र.

इंकस्केपच्या नव्या फाइलमध्ये पान पांढरं दिसतं, पण त्या पांढऱ्याचा अल्फा शून्य असतो. म्हणजे रंगाचं नाव पांढरा, भरीवपणा काहीच नाही. चेकरबोर्ड बंद असताना सॉफ्टवेअर अल्फाकडे दुर्लक्ष करून पान भरीव दाखवतं, कारण सतत चौकटींवर काम करणं त्रासाचं आहे. पीएनजी काढताना तो पांढरा गळून पडतो. म्हणून मी वर्गात पहिल्याच दिवशी चेकरबोर्ड चालू करायला लावते. पोरं कुरकुरतात, पण फाइलमध्ये खरोखर काय आहे ते त्यांना दिसतं.

ब्राउझरचं असं, की एसव्हीजी फाइल ही साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडून पाहा. वरच्या बाजूला 'सोडीपोडी'ने सुरू होणारी एक नोंद दिसेल, तिच्यात पेजकलर लिहिलेला असतो. सोडीपोडी हे जुनं ड्रॉइंग सॉफ्टवेअर. २००३ मध्ये त्यातूनच इंकस्केप वेगळं निघालं आणि हे नाव फाइलीत तसंच राहिलं. ती नोंद इंकस्केपने स्वतःसाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी आहे : पान कोणत्या रंगाचं दाखवायचं, कड कशी दाखवायची वगैरे. ब्राउझर ती वाचतो आणि सोडून देतो. त्याला फक्त आकार कळतात, आणि पिवळा आकार तुम्ही काढलेलाच नाही.

७. मग बॅकग्राउंडला खरोखर रंग द्यायचा तर काय करायचं?

चौकोन काढा. विनोद नाही, अगदी अनुभवी लोकही हेच करतात.

इंकस्केपमधली माझी पद्धत : नवा लेयर (चित्राचा एक थर) घ्यायचा, त्याला 'बॅकग्राउंड' नाव द्यायचं, तो सगळ्यात खाली न्यायचा. त्यावर चौकोन काढून त्याची कड म्हणजे स्ट्रोक आधी काढून टाकायची. ती राहिली तर मापात तिची जाडीही धरली जाते आणि हिशोब चुकतो. मग वरच्या पट्टीत आकडे टाइप करायचे. ए-४ साठी रुंदी २१०, उंची २९७ मिलिमीटर, एक्स आणि वाय शून्य. शेवटी लेयरला कुलूप, नाहीतर दर वेळी मजकूर उचलायला जाल आणि चौकोनच हलेल. वेगळा लेयर नको असेल तर चौकोन निवडून एंड हे बटण दाबा, तो आपल्या लेयरमध्ये तळाला जातो. कोरलमध्ये हेच काम शिफ्ट-पेज डाउन करतं.

काम कटिंग होऊन येणार असेल तर चौकोन पानाच्या चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर काढा : रुंदी २१६, उंची ३०३, एक्स आणि वाय उणे ३. कागद कापणाऱ्या गिलोटीनचं पातं केसभर सरकलं तरी कडेला पांढरी रेघ राहत नाही. तुमचा प्रेसवाला ५ मागत असेल तर ५ द्या, त्याच्याशी वाद घालू नका.

८. लोगो पांढरा आहे आणि पानही पांढरं. काम करू कसं?

पान तात्पुरतं गडद करा (प्रश्न २, ३, ४). चौकोन काढू नका. पुढे तो फाइलमध्ये राहतो आणि टी-शर्टवर लोगोऐवजी काळा ठोकळा छापून येतो. कोरलमध्ये टिक काढायची आठवण ठेवा. इतकंही नको असेल तर आउटलाइनचा डिस्प्ले मोड चालू करा, सगळे आकार नुसत्या रेषांनी दिसतील.

९. डार्क थीम लावली तरी पान पांढरंफेक राहतं. रात्री डोळे दुखतात. कोणता रंग ठेवू?

थीम ही सॉफ्टवेअरच्या मेन्यू आणि पट्ट्यांना लागते. पानाचा रंग फाइलचा असतो, थीमचा नाही. तो वेगळा बदलावा लागतो.

रंग कोणता, याचं माझं उत्तर ठरलेलं : मधला राखाडी, रंगछटा नसलेला. लाल, हिरवा, निळा तिन्ही ११९, म्हणजे हेक्समध्ये #७७७७७७. डोळ्याला हा काळ्या-पांढऱ्याच्या साधारण मध्यावर वाटतो. पान काळं केलं तर डोळ्यांना बरं वाटतं खरं, पण काळ्यावर प्रत्येक रंग आहे त्याहून उजळ आणि भडक भासतो. रात्री काळ्या पानावर ठरवलेला केशरी सकाळी पांढऱ्या कागदावर मातकट निघतो. छपाईचे रंग तपासण्याचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३६६४, त्यातही भोवताल राखाडी असावा असंच सांगितलं आहे. निळसर किंवा क्रीम पान सुंदर दिसतं, पण रंग ठरवायच्या कामात ते खोटं बोलतं.

पान पांढरंच ठेवून नुसता डेस्क गडद करणं, हाही मधला मार्ग चांगला आहे. लेटरहेडसारख्या पांढऱ्या कागदावरच छापायच्या कामात मी तेच करते.

१०. दर वेळी नवी फाइल उघडली की पुन्हा पांढरं. कायमचं सेट होत नाही का?

होतं. रिकाम्या फाइलमध्ये पान, डेस्क, कड सगळं मनासारखं लावा, मग फाइल मेन्यूतून सेव्ह टेम्प्लेट करा आणि 'डिफॉल्ट टेम्प्लेट' करण्याच्या चौकोनात टिक द्या. ही सोय इंकस्केप १.० पासून आहे. जुन्या फाइली मात्र आपापला रंग घेऊनच उघडतील, आणि दुसऱ्याकडून आलेल्या फाइली त्याचा.

११. पत्रिका रंगीत कागदावर छापायची आहे. पानाला तोच रंग देऊन पाहिलं तर अंदाज येईल ना?

अर्धाच. आणि त्या अर्ध्याने मला एकदा चांगलंच फसवलं आहे.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मरून रंगाच्या जाड कागदावर पिवळ्या अक्षरांत पत्रिका. पान मरून केलं, अक्षरं हळदीसारखी पिवळी. पडद्यावर पैठणीच्या काठासारखं झळकत होतं. घरच्यांना तोच फोटो पाठवला, सगळे खूश. ऑफसेटचं प्रूफ आलं आणि पहिल्यांदा मला कागद कोराच वाटला. खिडकीपाशी नेऊन तिरका धरला तेव्हा कुठे मरूनवर मरूनच अक्षरं, किंचित तपकिरी झाक असलेली, दिसली. वधूचं नाव बोटाने चाचपून वाचावं लागावं इतकी. चूक प्रेसची नव्हती, माझी होती.

कारण साधं आहे. पडद्यावर पिवळा आकार मरूनला झाकतो. ऑफसेटची पिवळी शाई पारदर्शक असते, ती खालच्या कागदाला झाकत नाही, त्यात मिसळते. झाकणारी शाई हवी असेल तर स्क्रीन प्रिंटिंग करा किंवा सोनेरी फॉइल लावा. ती पत्रिका शेवटी स्क्रीन प्रिंटिंगनेच झाली.

अंदाज नीट घ्यायचा तर कागदाचा तुकडा आणा आणि स्कॅन करा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद असेल तर हे कराच, कारण हातकागदाला पोत असतो आणि कुठलाही एक सपाट रंग त्याच्या जवळ जात नाही. तो स्कॅन सगळ्यात खालच्या लेयरवर ठेवा आणि वरच्या मजकुराचा ब्लेंड मोड (वरचा रंग खालच्यात कसा मिसळायचा ते) मल्टिप्लाय करा. पारदर्शक शाई कागदावर कशी बसेल ते बऱ्यापैकी खरं दिसेल. प्रेसला फाइल देण्याआधी स्कॅन काढून टाका आणि मल्टिप्लाय पुन्हा नॉर्मल करा.

इलस्ट्रेटरचा रंगीत कागदाचा पर्याय (प्रश्न ३) हे मिसळणं आपणहून दाखवतो, म्हणून या कामाला तो उपयोगी आहे.

१२. फ्लेक्सवर गणपतीच्या मागे चौकटी छापून आल्या! प्रिंटरची चूक ना?

दर भाद्रपदात हा फोन येतोच. प्रिंटरला दोष देण्याआधी चित्र कुठून आलं ते आठवा. इंटरनेटवर 'ट्रान्सपरंट' म्हणून शोधून घेतलं असेल, तर बरेचदा त्या चौकटी चित्रातच रंगवलेल्या असतात. कोणीतरी पारदर्शक चित्राचा स्क्रीनशॉट काढून तोच पुढे सरकवलेला असतो. ती पारदर्शकता नाही, पारदर्शकतेचा फोटो आहे.

तपासायला दहा सेकंद लागतात. पानाचा रंग भडक लाल करा आणि चेकरबोर्ड बंद ठेवा. गणपतीच्या मागे लाल दिसलं तर चित्र खरं पारदर्शक. चौकटी तशाच राहिल्या तर त्या चित्राच्या आहेत. चित्र मोठं करूनही कळतं : सॉफ्टवेअरच्या चौकटी झूम केल्याने मोठ्या होत नाहीत, चित्रातल्या होतात.

१३. मी पारदर्शक पीएनजीच पाठवलं होतं, प्रेसवाला म्हणतो बॅकग्राउंड आहे. कोण खरं?

दोघंही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलंत ना? वाटेत त्याचं जेपेग होतं, आणि जेपेगमध्ये पारदर्शकता ठेवायला जागाच नसते. तिथे काहीतरी भरीव रंग भरावाच लागतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा सरळ ओपन फाइल (सॉफ्टवेअरची मूळ फाइल) द्या, फॉन्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून.

१४. रेडियमवाल्याकडे नाव कापायला दिलं, त्याने भोवती एक चौकोनही कापला. का?

कारण तुम्ही प्रश्न ७ प्रमाणे चौकोन काढून ठेवला होता. छपाईचं मशीन रंग बघतं, कटिंग प्लॉटर रेषा बघतो. चौकोन पांढरा असो की अदृश्य, बाह्यरेषा आहे म्हणजे पातं फिरणार. कटिंगच्या फाइलमध्ये बॅकग्राउंडचा आकार लपवून ठेवू नका, काढूनच टाका. बघण्यासाठी पानाचा रंग वापरा. इथे तो चित्रात जात नाही हेच सोयीचं आहे.

१५. दोन आकार एकमेकांना अगदी चिकटवले आहेत, तरी मधे केसासारखी पांढरी रेघ दिसते. माप बरोबर आहे. मग?

हा माझा आवडता प्रश्न. पानाचा रंग काळा करून पाहा. रेघ काळी झाली? मग ती रेघ नाहीच, मागचं पान डोकावतं आहे.

कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून सॉफ्टवेअर सीमेवरचे पिक्सेल अर्धवट रंगवतं. समजा सीमा एका पिक्सेलच्या बरोबर मधून जाते. पहिला आकार त्या पिक्सेलचा अर्धा हिस्सा झाकतो, अर्धं पान उरतं. दुसरा आकारही अर्धाच झाकतो, पण उरलेल्याच्या अर्धा. म्हणजे पाव हिस्सा पान दिसतच राहतं. तुमचं माप अचूक असूनही.

उपाय असा, की खालचा आकार वरच्याच्या पोटात थोडा सरकवा, दोन-चार दशांश मिलिमीटर पुरतात. किंवा दोघांच्या खाली त्याच रंगाचा एक मोठा आकार घाला. इंकस्केपच्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये अँटिअलायझिंग, म्हणजे हे कडा गुळगुळीत करणं, बंद करता येतं, रेघ जाते, पण सगळ्या तिरक्या कडांना करवतीचे दात येतात. छपाईचं रिझोल्यूशन इतकं जास्त असतं की कागदावर ही रेघ बहुधा दिसत नाही. ग्राहक मात्र पीडीएफ मोबाईलवर बघतो आणि तिथे त्याला ती हमखास दिसते, तेव्हा काढलेली बरी.

१६. पानाची कडच दिसत नाही. पान कुठे गेलं?

डिस्प्ले टॅबमध्ये पानाची कड दाखवायची टिक निघालेली असते, किंवा पान आणि डेस्कचा रंग सारखा झालेला असतो. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एच दाबलं गेलं असेल, आर्टबोर्ड लपतात, पुन्हा दाबा. आणि इंकस्केपमध्ये पान नजरेआडच गेलं असेल तर ५ दाबा, पूर्ण पान खिडकीत येईल.